मसुराएवढं

बांबोळीच्या टेकडीवर, तळमजल्यावर
मी माणसांच्या डोक्यांचे काप करतो.
नीरफणसाचे करतात तसे, पातळ, एकसारखे.
फक्त इथली सुरी दिसत नाही
आणि रक्त येत नाही.

आज चौथी : सेव्हेरिना कुलासो, वय एकोणीस, राहणार कुडतरी.
पहाटे पोदेराच्या भट्टीपुढे उंडे मोजताना
त्रेचाळीसवर थांबली आणि पडली.
कोपर भाजलं.
मावशीने नाकाला चप्पल लावली.
शेजारणीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या,
ठसका उठला नाही,
म्हणजे दिष्टच, असं ठरलं.
दिष्ट काढली. चौथ्या दिवशी पुन्हा पडली.

"हलू नको हां, बाय."
काप उतरत गेले,
आणि अकराव्यात, डावीकडे,
एक बारीक कडं. कड्यात ठिपका.
मसुराएवढं.

परवा असंच बोरीच्या त्र्यंबकभट पाध्यांच्या डोक्यात सापडलं.
जानव्यात अंगठा अडकवून ते म्हणाले,
"आमच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही हो."
डॉक्टर इझिल्दाने खुर्ची पुढे ओढली.
"भटमामा, डुकराच्या कच्च्या मांसातून होतो तो पोटातला लांब किडा.
डोक्यात जातं ते त्या किड्याचं अंडं,
आणि ते येतं माणसाकडूनच.
न धुतलेल्या हातावरून. तांबडी भाजीच्या देठावरून. पाण्यातून."
भटमामा बराच वेळ
स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले,
जणू ते कुणीतरी उसने दिले होते.

मी कासावलीला भाड्याने राहतो.
घरामागे चिऱ्याच्या चार पायऱ्या आहेत, वर काही नाही.
मालक सांगतो, तिथे जुना संडास होता.
पाऊल वाजलं की खालून डुक्कर धावत यायचं.
आता त्याने तिथे अबोली लावली आहे.
आपण त्या जनावराला घाणेरडं म्हणालो.
पान तर आपणच वाढलं होतं.

रात्रपाळीला इझिल्दा चहा घेऊन येते, बोलते.
तिचे वडील मोझांबिकला रेल्वेत होते.
तिथेही बायका पडायच्या, चुलीत, नदीत,
आणि लोक लांब सरकायचे, थुंकी लागेल म्हणून.
पेरूच्या डोंगरात हेच, मादागास्करात हेच,
जिथे डुक्कर मोकळं आणि संडास नाही तिथे हेच.
ती म्हणते, याचा हिशेब मेलेल्यांवर मांडत नाहीत,
वर्षांवर मांडतात :
निरोगी जगायची किती वर्षं वाया गेली.

मी कप विसळतो.
सेव्हेरिनाची वर्षं कशी मांडायची?
भट्टीपुढे उभं राहायचं नाही. स्कूटर नाही.
तळ्यावर पोहायला एकटी नाही.
राशोलचा मुलगा बघायला येणार होता,
त्याच्या आईला "ताप आला".
गोळी सकाळी, गोळी रात्री, किती महिने ते माहीत नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
त्रेचाळीसच्या पुढचे उंडे कुठल्या?

आणि सगळ्यात मला छळतं ते हे :
जिवंत असतो तेव्हा तो काहीच करत नाही.
वर्षानुवर्षं गप्प, भाडेकरूसारखा, दिवा न लावता.
बहुतेकदा तो मरायला लागतो,
तेव्हा घर हादरतं.

टेबल बाहेर सरकलं. ती उठून बसली,
केसांची पिन शोधली, तोंडात धरली,
आणि पिन तशीच धरून विचारलं,
"दिसलं?"
"काय?"
"धरतं ते मला. दिसलं?"

मला काही सांगायची परवानगी नाही.
ते डॉक्टर सांगतात, दोन वाजल्यानंतर, बारा नंबरच्या खोलीत.
"भूत नाही," मी म्हणालो.
तिने पिन केसांत खोचली.
"मग बरं," म्हणाली,
आणि भाजलेलं कोपर सांभाळत
दार ढकललं, दुसऱ्या हाताने.

पाचवा आत आला. शाळकरी पोर,
बुटांवर लाल माती.
मी नळ सोडला,
साबण घेतला.