फडताळातलं नाव

डॉक्टर रत्नपारखींच्या दवाखान्यात, रास्ता पेठेत,
मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो.
डावीकडचं फडताळ, वरून दुसरा कप्पा,
डल्कामाराच्या पलीकडं, युपेटोरियमच्या अलीकडं:
एकिनेशिया, मदर टिंक्चर.
गळवांना, वरचेवर तापणाऱ्या पोरांना,
अर्धा कप पाण्यात दहा थेंब.
जिभेला लागलं की मुंग्या येतात,
एवढीच आमची ओळख.
याचं झाड असेल, झाडाला फूल येत असेल,
मनातसुद्धा आलं नाही.

दवाखाना बंद झाला.
डॉक्टरांच्या मुलानं गाळा मोबाईल कव्हरवाल्याला दिला.
फडताळ मी मागून घेतलं,
टेम्पोत घालून धायरीला आणलं, तिसरा मजला.
आता त्यात कमलजाचं मेतकूट, साबुदाणा, आमसुलं.
दुसऱ्या कप्प्यावरची चिठ्ठी तेवढी निघेना.
तिनं सुरीनं खरवडली, गरम पाण्यानं पुसली.
मग मी बी मागवलं.

पाकीट म्हणालं, पेरण्याआधी थंडीत ठेवा.
पुण्याची थंडी म्हणजे
संक्रांतीपर्यंत स्वेटर, पुढं पंखा.
म्हणून ओल्या वाळूत कालवून
गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, फ्रिजमध्ये,
चक्क्याच्या पातेल्यामागं चाळीस दिवस.
डबीवर कमलजानं लिहिलं: खाऊ नये.
तिला माझं सगळं माहीत आहे.

वीस पेरल्या, सात आल्या.
काळी माती नको, पाणी धरून बसते;
समोरच्या बांधकामावरून बारीक खडी आणली,
वॉचमनला विचारून, दोन पिशव्या.
पहिलं वर्ष नुसतं पानांचं,
मांजराच्या जिभेसारखी खरखरीत.
जुलैत सिंहगडाकडून झड लागली ती नऊ दिवस.
तीन रोपं बुडाशी काळी पडली,
ओढली तर हातात आली.
उरलेली पत्र्याखाली सरकवली
आणि तरी रोज सकाळी तांब्या घेऊन उभा.
डॉक्टर ओरडायचे ते आठवलं:
डोस दिलास ना? आता हात काढ.
हात काढला. अवघड जातं.

दुसऱ्या फाल्गुनात हिरवं बटण आलं.
मग पाकळ्या, जांभळट गुलाबी, आडव्या, ताठ.
मधोमध काट्यांचा नारिंगी घुमट,
साळिंदराचं पिल्लू बसावं तसा.
आठवड्यात पाकळ्या खाली झुकल्या.
मी घाबरलो. पाणी घातलं. सावलीत नेलं.
रात्री टॉर्च घेऊन बघून आलो.
वरच्या मजल्यावरची तन्मयी रॅकेट घेऊन जिन्यात थांबली,
म्हणाली, आजोबा, हे बॅडमिंटनचं फूल आहे,
फूल असंच असतं ना.
खरंच, असंच होतं ते.
आजारी नव्हतं, त्याची बसण्याची पद्धत होती.

एक कापलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं,
दोन बस बदलून कर्वेनगरला.
डॉक्टर सत्त्याऐंशीचे. उजव्या डोळ्यानं सावल्या दिसतात.
काय आणलंस, गजानिया?
मी म्हटलं, तुम्हीच सांगा.
अंगठा घुमटावरून फिरवला, नाकाशी नेलं,
मान हलवली, नाही.
मग जुन्या सवयीनं
एक काडी मोडून दातांखाली धरली.
पंख्याचा आवाज येत होता.
सूनबाई चहा ठेवून गेल्या.
त्यांनी जीभ टाळूला लावली, परत लावली,
आणि माझ्याकडं, म्हणजे मी असेन तिकडं, बघून म्हणाले,
वरून दुसरा कप्पा.

चहा निवला. आम्ही तो तसाच प्यायलो.

आता बोंडं वाळलीत.
कमलजा म्हणते काप, बरं दिसत नाही.
मी कापत नाही.
सकाळी सातच्या सुमाराला मुनिया येतात, चार-पाच,
बोंडावर उलट्या होऊन टोचतात,
डोस न विचारता.
थोडं बी मी आधीच काढून ठेवलंय,
डबी फ्रिजमध्ये आहे.