भिंतीकडेने

परळ, तिसरा मजला. एसी कालपासून बंद.
मेण मऊ पडू नये म्हणून
ठोकळ्यावर बर्फाचा खडा धरून बसले आहे.
आत चिचुंद्रीचा मेंदू, शेंगदाण्याएवढाही नाही.

ती कँटीनमागे सापडली.
वास मेणातूनही येतो, असं शिपाई म्हणतो;
मला आता येत नाही.
वटवाघूळ राणीच्या बागेतलं, उन्हाने पडलेलं.
उंदीर आणि घूस मशीद बंदरची.
ती गेणू भालेराव आणतात, पहाटे,
मोजणी झाल्यावर, कुल्फीवाल्याच्या जुन्या डब्यात.

दिनाज मॅडमना एवढंच हवंय:
खोलवर, दोन्ही अंगांना असलेली राखाडी गाठ.
वटवाघळात तिचे दोन भाग, मधून पांढऱ्या तंतूंचा रस्ता,
आपल्यातही तसाच.
घुशीत रस्ता नाही. तंतू गाठीतूनच घुसतात, सुटे सुटे,
नाचणीच्या भाकरीत मिठाचे खडे राहावेत तसे.
चिचुंद्रीत खडे विरळ वाटतात मला.
मॅडम म्हणतात, वाटू नये, मोजावं.

खाली आणखी एक पट्टा. नावच काळा पदार्थ,
पण उंदरात तो काळा नसतोच.
माणसाचा पाहून कोणीतरी बारसं केलं
आणि सगळ्यांच्या गळ्यात घातलं.

गेल्या महिन्यात मी गेणूभाऊंना म्हटलं,
डोक्यावर मारू नका, डावी बाजू चेंदून येते,
अर्ध्या स्लाइडी फुकट.
बरं म्हणाले.
आठवडाभर डबा रिकामा.

"ताई, उंदीर भिंतीकडेनेच धावतो.
उजेड पडला तरी सवय सोडत नाही,
म्हणून तर सापडतो.
माझंही तेच. बॅटरी डाव्या हातात,
उजवा आधीच गेलेला असतो, मी मागून पोचतो.
आता कुठे मारायचं याचा विचार करतो,
तेवढ्यात तो गटारात."

मी त्यांना भिंगातून गाठ दाखवली.
सवय इथे बसते, म्हटलं, त्याची इथे, तुमची इथेच.
डोळा लावून बराच वेळ वाकले होते.
मग म्हणाले, "म्हणजे मी जिथे मारतो
तेच तुम्हाला पाहिजे."
आणि हसले नाहीत.

पिंजरा घेऊन दिला शेवटी, क्रॉफर्ड मार्केटातून,
पावती ऑफिसने अजून मंजूर केलेली नाही.

हे सगळं आठवत होते
आणि यंत्राचं चाक फिरत होतं.
बर्फ विरघळून कोपरापर्यंत आला.
पाहिलं तर मेणाची फीत टेबलाखाली लोंबत होती,
चाळीस काप, एकाला एक चिकटलेले, एकही फाटलेला नाही.

एकेचाळिसावा मी लक्ष देऊन कापला.
सुरकुतला.