टिचकी

काच घेताना डोळ्यांवर जायचं नसतं.
अंगठ्याला मधलं बोट अडकवायचं, सोडायचं,
हलकंच, कडेपासून दोन बोटं आत,
आणि कान द्यायचा.
शाबूत असेल तर ती बराच वेळ बोलत राहते.
टिचलेली एक शब्द बोलून गप्प.

हे मला कुणी शिकवलं नाही.
मी मोटारी भरणारा माणूस, उद्यमनगरात,
तांब्याची तार, वार्निश, जळका वास.
लक्ष्मीपुरीत अत्तारांच्या भंगारात पितळ बघायला गेलो
तर कोपऱ्यात एक उलटं फूल,
दुधी, कडेला निळी रेघ,
आत चिमणीचं वाळलेलं घरटं.
कुठल्याशा साखर कारखान्याच्या साहेबाचा बंगला पाडलेला.
"काचेला भाव नाही," अत्तार म्हणाला,
"पितळ तेवढं तोलतो."
साडेसातशे ग्रॅमच्या पैशात
इटली घरी आली,
सायकलवरून, पोत्यात.

इटली हे मागनं कळलं.
बुडाशी नखाएवढा कागद चिकटलेला,
थोरलीनं अक्षरं लावली: मु, रा, नो.
बेट आहे म्हणाली, चहूकडं पाणी,
आणि नुसत्या भट्ट्या.
भट्ट्या म्हटल्यावर जरा आपलं गाव वाटलं.

इथं कुणाला म्हशींचा नाद, कुणाला कबुतरांचा.
माझा वाजणारा.
गडहिंग्लजच्या एका दाताच्या दवाखान्यातनं एक,
बंद पडलेल्या टॉकीजच्या जिन्यावरचे दोन,
बेळगावातनं तो गुलाबी, सोन्याचा कोंडा पेरलेला,
आत बुडबुडे ओळीनं.
आल्यागेल्याला सांगायचो, हा बघा,
कारागिराचा श्वास अडकून राहिलाय.
मग कळलं, बुडबुडे काट्यांच्या साच्यातनं पाडतात,
श्वासाचा संबंध नाही.
सांगायचं काही मी बदललं नाही.

दस्तगीर शिकलगारनं कडी कातून दिली.
"कुठला आटा हा गा, कशातच बसंना."
तीन रविवार लेथवर गेले.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
एकदा लावून दाखव.

लावणार कुठं?
कुंभार गल्लीतलं घर, स्लॅब हाताला लागतो.
एक दुधी तेवढा टांगला, डोकं वाकवून जायचं खालनं.
बाकीचे अकरा उसाच्या पाचटात,
गुळाच्या खोक्यांतनं, कॉटखाली.
हिचं नाव हौसा, हौस मात्र माझी.
झाडताना ती केरसुणी खोक्यांपर्यंत न्यायची,
तिथनं परत.

त्या ऑगस्टात पंचगंगा रात्रीची आली.
आम्ही शाळेत, सात दिवस.
परत आलो तर भिंतीवर रेघ,
दुधी दिव्याच्या वीतभर खाली.
छताच्या वस्तूला एवढा फायदा.
कॉटखाली पाचट कुजून काळं झालेलं
आणि त्यात गाळानं भरलेली अकरा भांडी.
मी उंबऱ्यावरच बसलो.

हौसानं परात घेतली.
नातवाच्या जुन्या झबल्यानं एकेक पुसला,
चिंच लावून कडी घासल्या,
आणि मग मी न सांगता
अंगठ्याला मधलं बोट अडकवलं.
एक. कान दिला. बाजूला ठेवला.
दोन. तीन.
एवढी वर्षं ही ऐकत होती, मला पत्ता नाही.
गुलाबीपाशी थांबली. पुन्हा मारली.
"ह्याचा गेला," म्हणाली.

पुण्याचा एकजण येऊन गेला, गाडी घेऊन.
दहाही बघितले, उजेडात फिरवले.
पाकळीच्या मुडपीत, बोट जात नाही तिथं,
बारीक तपकिरी काठ राहिलाय प्रत्येकाला.
"हे नसतं तर," म्हणाला, आणि आकडा सांगितला.
असू दे म्हटलं.

टिचलेला गुलाबी ओट्यावर लावलाय.
दस्तगीरला बोलावलं, चहा झाला,
तो बराच वेळ वर बघत होता,
काचेकडं नव्हे, आट्याकडं.

भाकरीवर गुलाबी उजेड पडतो.
हौसा म्हणते, कच्ची का भाजली काही कळत नाही ह्यात,
आणि ट्यूब लावते.