सहाच्या आत काळा नको

हॅलिफॅक्समधल्या चढावरच्या दुकानात
गळ्यात टेप अडकवलेले मिस्टर ॲक्रॉइड म्हणतात,
"सहाच्या आत काळा कोट नको. दिवसाचं लग्न आहे."
मला हसू फुटतं.
हेच वाक्य सुमती गेले तीन आठवडे म्हणतेय,
निराळ्या कारणानं.
त्यांचं घड्याळ, हिचं शास्त्र,
आणि दोघांच्या मध्ये हँगरवर एक काळा कोट,
गुन्हा न सांगताच वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

मुहूर्त अकरा बेचाळीसचा. एप्रिल.
वारा घरचाच आहे, येणारच.
ऊन आलं तर पाहुणं.

करवल्या मी पुष्कळ पाहिल्या,
करवले पहिल्यांदाच पाहतोय.
आरशासमोर रांगेत, नुसत्या मोज्यांवर :
गेथिन, ज्याच्या मानेला एकही कॉलर पुरत नाही.
ओबिना, सहा फूट पाच, ज्याची पँट
घोट्याच्या वर थबकून विचार करतेय, उतरू की नको.
आमच्या वहिनींचा सुहृद,
येताना "जोधपुरीच हवी" होता,
किमतीची चिठ्ठी वाचून "तुम्ही म्हणाल ते" झाला.
आणि रूथ.
हो, रूथसुद्धा. शाळेपासून श्रीरंगच्या बाजूनं भांडत आली,
आता बाजू कशाला बदलेल?
वेस्टकोट सगळ्यांत नीट तिलाच बसला.

मग रंग. मिस्टर ॲक्रॉइड टेबलावर
राखाडीचे अकरा तुकडे मांडतात.
पावसाळी, शिशाचा, चुलीतला, पाटीचा,
एकाला ते म्हणतात, डव्ह.
सुमती त्यावर बोट ठेवते : "हा. पारवा."
दोघांनी एकच पाखरू पाहिलेलं असतं,
कुणीच कुणाला समजावून सांगत नाही.

माझं लग्न सांगलीत. मे महिना, बारा सतरा.
अंगात थ्री-पीस, अस्सल लोकरीचा.
कापड काकांनी कुठून कुठून मिळवलेलं,
काठावर इंग्रजी अक्षरं विणलेली.
कोण जाणे, याच खोऱ्यातल्या गिरणीतून निघालं असेल.
"साहेब दिसतोस," सगळे म्हणाले.
साहेब अंतरपाटामागे वितळत होता.
घामेजल्या मानेवर अक्षता चिकटत होत्या,
कॉलरमधून आत शिरत होत्या.
पुढे कितीतरी वर्षांनी अस्तर उसवलं
तर दोन तांदूळ निघाले, अजून पिवळे.

आणि हा म्हणतो, "बाबा, मला टसर.
विणलेलं तिकडचं, शिवलेलं इकडचं."
"गारठशील," मी.
"गारठेन," तो. विषय मिटला.
मी तिकडच्या उन्हात इकडची लोकर घातली,
हा इकडच्या वाऱ्यात तिकडचं रेशीम घालणार.
फिटंफाट म्हणावी, तर वही कुणाकडेच नाही.

"आणि वडील?" मिस्टर ॲक्रॉइड माझ्याकडे वळतात.
माझं काही नाही, ब्लेझर आहे घरी,
हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत टेप पाठीवर.
ते आकडे पुकारतात, काउंटरमागची मुलगी लिहून घेते,
छाती, बाही, कंबर (ती जरा हळू आवाजात),
मग थांबतात.
"डावा खांदा अर्धा इंच खाली आहे."
त्रेसष्ट वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.
"या बाजूनं काय उचलत होतात?"

औषधांची खोकी, म्हणणार होतो.
दुकानाचं शटर, म्हणणार होतो.
समोर श्रीरंग खडूच्या खुणा अंगावर घेऊन उभा,
हलायचं नाही म्हणून बजावलेला,
आणि तो खरंच हलत नव्हता.
"माहीत नाही," मी म्हणालो.

"आत थोडं पॅडिंग घालू. कुणाला कळणारही नाही."
सुमती टाचण्यांची डबी बघत होती,
मान वर न करता म्हणाली,
"नको, राहू द्या.
फोटोत मला ओळखू यायला हवा ना."

ओबिनाच्या पँटचं अजून ठरलेलं नाही.