अर्धाच पेला

आधी बॅग उघडतील.
राग धरू नकोस. शंकर झडती घेतो तेव्हा
त्याचे डोळे खिडकीबाहेर खारफुटीवर असतात,
बोटंच काय ती बघतात.
आफ्टरशेव्ह जाईल, खोकल्याचं औषध जाईल,
बेल्ट, मोबाइल, बुटांच्या लेसा.
आईनं दिलेली अंगाऱ्याची पुडी तेवढी परत मिळेल,
हुंगून.

सही कर. वाकडी येऊ दे.
इथल्या रजिस्टरात सरळ अक्षर कुणाचंच नाही,
डॉक्टरांचंही.

पाणी मागितलंस की अर्धाच पेला देतील.
कंजूषपणा नव्हे.
भरलेला पेला ओठांपर्यंत पोचत नाही
हे तुझ्याआधी कितीकांनी
आपापल्या सदऱ्यांवर सिद्ध केलंय.

पहिल्या तीन रात्री भिंतीवर मुंग्या दिसतील.
त्यातल्या काही खऱ्याच असतात.
रात्रपाळीला मी असतो. हाक मार,
कुठल्या खऱ्या ते सांगीन.

मी वडाळा डेपोत मेकॅनिक होतो.
ब्रेकचा आवाज ऐकून सांगायचो
अजून किती महिने निघतील.
माझं मात्र कुणी ऐकत नाही, असं म्हणायचो गुत्त्यात बसून.
ऐकलं होतं.
नलूनं. दोनदा. स्वतःच्या भिशीचे पैसे भरून.

सकाळी सहाला घंटा. चहा फार गोड,
अंग साखर मागतं म्हणून.
चौथ्या-पाचव्या दिवशी कांदे चिरायला बसवतील.
सुऱ्या सहा. मोजून देतात, मोजून घेतात.
कांद्याची एक सोय आहे बघ,
तिथं रडलेलं कुणी वहीत लिहून घेत नाही.

दुपारी सगळे गोल बसतात.
तू आधी साहेबाबद्दल बोलशील,
मग बायकोबद्दल, मग मेलेल्या बापाबद्दल.
तुस्कानो मॅडम ऐकत राहतात. घड्याळ बघत नाहीत.
विसाव्या दिवसाच्या आसपास कधीतरी
तोंडातून चुकून स्वतःबद्दल निघेल.
टाळ्या वगैरे नाहीत.
शेजारचा आपली खुर्ची
जरा तुझ्याकडे ओढेल, इतकंच.

चौथ्या रविवारी घरची माणसं.
तुला मुलगी आहे म्हणालास ना?
आधी लांब बसेल. मग जवळ येईल,
गळ्यात पडल्यासारखं करून
तुझ्या तोंडाचा वास घेईल.
घेऊ दे.

पळावंसंही वाटेल. भिंत काही उंच नाही.
दिगंबर गेला होता एका रात्री, ओहोटीच्या वेळी,
गुडघाभर चिखलातून.
उजाडता उजाडता आपणहून परत,
म्हणे, चपला राहिल्या होत्या.
आम्ही चहा दिला.
इक्बालच्या चपला अजून आहेत.
त्या कुणी घालत नाही,
हलवतही नाही.

मी तिसऱ्यांदा आलोय.
पहिल्यांदा निरोपाला हार घातला होता, पेढे वाटले होते.
अकराव्या दिवशी दूध आणायला म्हणून गेलो
आणि पिशवी दुसऱ्या दिवशी सापडली, गटाराशेजारी,
दूध तसंच.
ही गोष्ट मी गोलात अजून सांगितलेली नाही.
तुला का सांगतोय कोण जाणे.

पुढच्या महिन्यात माझं संपतंय.
बोटीनं खाडी ओलांडून पलीकडच्या जेट्टीला उतरलं
की समोरच बार आहे.
मालक वाईट नाही. मला काका म्हणतो,
तब्येत विचारतो, अगदी मनापासून.
त्याला काय उत्तर द्यायचं
ते काही माझं ठरत नाही.
मॅडमना विचारलं.
म्हणाल्या, डाव्या हाताला रिक्षा मिळतात.

बरं, आता पड.
दिवा मी घालवत नाही.
उलटी आली तर बादली तुझ्या उजव्या हाताला...
डावरा आहेस?
थांब,
सरकवतो.