एकच इसम

ठाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात
अर्जांच्या गठ्ठ्यावर गंजलेलं बेअरिंग ठेवलेलं असतं.
साहेब म्हणाले, जोमा पोशा कोळी, गाव दिवाळे,
असा कुणी युद्धावर गेलाच नाही.

तीन वर्षं गेलाच नाही.
मी बेलापूरहून येत राहिले, झेरॉक्स वाढत गेल्या,
आणि घरी आत्या सांगत राहिली,
"बसऱ्याला व्हता. नदीन बोट चालवली त्यानी.
चाय कालीच लागं त्याला, वर सुकवलेला लिंबू.
आमी म्हनू, म्हाताऱ्याला पित्त झायलंय."

मग खडकीहून पाकीट आलं.
जुमा पाशा. धर्म मुसलमान.
धंदा खलाशी. उंची पाच फूट तीन.
गाव दिवाला, जिल्हा ठाणा.
डाव्या भुवईवर व्रण.
जवळची नातलग: बायको, आंबी.

कुठल्या टेबलाशी, कुठल्या घाईत
कारकुनाच्या कानात जोमाचा जुमा झाला?
पणजोबाने सांगून पाहिलं असेल एकदा.
मग रोज हजेरीला त्याच नावाला "हाजिर" म्हटलं असेल,
पगार त्या नावाचा होता.
ईदेची सुट्टी मिळाली असेल.
नारळी पुनवेची नाही.
शत-अल-अरबच्या गढूळ पाण्यावर सुकाणू धरलेलं असताना
मागून कुणी हाक मारली, जुमा,
तर वळून बघायला त्याला किती महिने लागले?

आणि इकडे दिवाळ्यात, दर दोन महिन्यांनी
जुमा पाशाची मनीऑर्डर.
पोस्टमनने कधी विचारलं नाही.
आंबीने अंगठा दिला, पैसे दोनदा मोजले.

आता कार्यालय म्हणतं, ठीक आहे,
दोन्ही एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा.

कोर्टनाक्यावर ताडपत्रीखाली टायपिस्ट
भराभर बडवतो: सदर जोमा व सदर जुमा
हे एकच इसम असून, माझ्या माहितीप्रमाणे,

थांबा, म्हणते मी.
माझी माहिती एवढीच:
परत आला तो ओट्यावर बसायचा
खाडीकडे पाठ करून,
आणि कुणी हाक मारली
तर पहिल्या हाकेला ओ देत नसे.
आत्या म्हणते, बहिरा होता.

"ताई, पाऊण वाजला. मयताशी नातं?"
पणती.

कागदावर 'पंती' उमटतं.
तो पुढच्या ओळीवर जातो.
मी काही बोलत नाही.