डावा तळहात

होमराज कापगते किती जोरात टाकतो
हे यंत्रानं मोजलं फार उशिरा, पुण्यात.
त्याआधी सहा वर्षं
ते काम माझ्या डाव्या तळहाताकडे होतं.
तर्जनीच्या बुडाशी गाठ आहे अजून.
गिरणीचा पट्टा चढवताना,
गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देताना
ती आधी दुखते, मग आठवते.

सुरुवात रोवण्यात झाली.
बांधीत बायका वाकलेल्या, पोटरीभर चिखल,
आणि हे पोरगं धुऱ्यावरून परह्याच्या पेंढ्या फेकतंय,
जिच्या हातातली संपत आली
तिच्याच पुढ्यात, वीतभर अंतरावर, मुळं खाली.
एकीच्याही तोंडावर शिंतोडा नाही.
लांजेवार सरांनी सायकल थांबवली.
क्रिकेटला शाळेत बावीस पोरं आधीच होती,
बेसबॉलला तालुक्यात कोणीच नव्हतं.
सर म्हणाले, "नऊ जमवा, सरळ विभागावर जाता येते."
इतकं साधं कारण.

राइस मिलच्या राखेनं रेषा आखल्या.
वारुळाची माती आणून उंचवटा केला,
म्हातारे दोन दिवस बोलले नाहीत आमच्याशी.
मिट एकच, तिच्यात गादीतला कापूस.
साठ फूट सहा इंच.
वरचे सहा इंच कशाला, हे सरांनाही माहीत नव्हतं,
पण होमराज तेवढे सहा इंच
रोज वितीनं तपासायचा.

मी मांडीआड एक बोट दाखवायचो, म्हणजे सरळ.
दोन, म्हणजे वळवून.
तो मान हलवायचा.
बहुतेक वेळा नाहीच म्हणायचा.
मग मी दुसरं सांगायचं, फिरून पहिल्यावर यायचं,
आणि त्याला वाटायचं, आपलंच खरं झालं.
चेंडू आला की आवाज व्हायचा
ओल्या पोत्यावर काठी हाणल्यासारखा.
तळ्यातली बदकं पहिल्या वर्षी उडायची,
दुसऱ्या वर्षी उडेनाशी झाली.

पुण्याच्या कंपनीनं नेला त्याला.
सामन्याला आठशे, खोलीत चौघे,
सकाळी दोन अंडी जास्तीची.
फोन यायचा रविवारी:
"इथला कॅचर लय चांगला आहे गा,
पण मी नाही म्हटलं का चूप बसते."
मी हसायचो. मागं जातं फिरत असायचं,
त्याला माझं हसू ऐकू गेलं नसेल.

तीन हंगाम. चौथ्यात खांदा.
पेपरात यायचं तेव्हा दोन ओळी यायच्या,
नाही आला तेव्हा एकही नाही.
खांद्यात आधीपासून काहीतरी उसवत होतं,
तरी त्यानं पाच सामने टाकले,
पैसे सामन्यागणिक होते म्हणून.
हे मला कळलं तीन वर्षांनी,
लाइन गेली होती, गिरणी थांबलेली,
आणि पिठाच्या डब्यावर बसून तो सांगत होता
जणू दुसऱ्या कोणाचं.
पाचवा सामना जिंकला होता, म्हणाला.
मी विचारलं, शेवटचा चेंडू कोणता?
म्हणाला, सरळ.
कॅचरनं वळवून मागितला होता.

यंदा त्याच्याच बांधीत रोवणा.
उजवा हात कमरेच्या वर जात नाही,
म्हणून पेंढ्या डाव्यानं.
दोन हात आखूड पडतात, कधी आडव्या.
सगुणाबाई दोन पावलं पुढं जाते,
उचलते, मान वर करत नाही,
आणि तिची ती न वर केलेली मान
मला धुऱ्यावर बसवेना.

मी उकिडवा बसलो, सवयीनं.
गुडघा कटकन वाजला.
मांडीआड दोन बोटं धरली.
त्यानं पाहिलं. मान हलवली.
एक बोट. पुन्हा नाही.
तिसरी खूण आमच्यात कधी ठरलीच नव्हती.
पेंढी हातात, पाणी कोपरावरून निथळतंय,
तो उभा, मी बसलेला,
मधलं अंतर मी डोळ्यांनीच मोजत होतो,
तेवढ्यात चिखलातून सगुणाबाई ओरडली,
"टाक ना गा लवकर, पाय गाडले माझे!"